तिसऱ्या वेताचा लॅपटॉप

बसूआण्णा लॅपटॉपचा आधी वास घ्यायचे. समोर कुणी मशीन ठेवलं की झाकणही न उघडता ते दोन्ही हातांनी उचलायचे, कडेच्या जाळीला नाक लावायचे आणि डोळे मिटून दोन-तीन श्वास ओढायचे. मग निकाल द्यायचे. "ह्यो चुलीजवळ वाढलाय." नाहीतर, "ह्येला कुणीतरी च्या पाजलाय." मालक ओशाळून कबूल करायचा. शाहूपुरीतल्या त्यांच्या एका शटरच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा आमच्या जुन्या लॅपटॉपचा वास घेऊन ते म्हणाले, "आक्का, घरात उदबत्ती लई लावता." खरं होतं. आमचा लॅपटॉप देवघराशेजारच्या टेबलावर असायचा.

हा लॅपटॉप इतका म्हातारा झाला होता की बटण दाबून मी कुकर लावायची आणि तिसऱ्या शिट्टीला पडदा उजळायचा. तो मुळात माझ्या मुलीचा, मृणालचा. मृणाल गोगलगायींवर संशोधन करते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे दयेने बघतात, म्हणून मी आताच सांगून टाकते. ती त्या पावसाळ्यात गगनबावड्याला खोली घेऊन राहिली होती, जळवा झटकत गोगलगायी मोजत होती. ती परत येईपर्यंत घरात बरा लॅपटॉप आणून ठेवावा, असं माझ्या मनात आलं. माझ्या पेन्शनीत नवा कोरा बसत नव्हता. कुणीतरी बसूआण्णांचं नाव सुचवलं.

बसूआण्णा कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावचे. घरात कन्नड, बाजारात मराठी. वीस वर्षं त्यांनी म्हशींचा व्यापार केला. एका म्हशीने लाथ मारून गुडघा निकामी केला, तेव्हा बाजार फिरणं सुटलं. त्यांचा मेहुणा बेंगळुरूला कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप घाऊक घ्यायचा, त्याने थोडे इकडे पाठवले, आणि आण्णांनी ते दुरुस्त करून विकायला सुरुवात केली. धंदा बदलला, पण भाषा आणि नजर तीच राहिली. "जनावर दुसरं हाय, गिऱ्हाईक त्येच हाय," असं ते म्हणायचे.

म्हशीचं वय ती किती वेळा व्यायली, म्हणजे किती वेतं झाली, त्यावर मोजतात. आण्णांनी लॅपटॉपनाही तोच हिशेब लावला होता. पहिल्या मालकाकडे होता तो पहिल्या वेताचा, दोन मालक झालेला दुसऱ्या वेताचा. मी फळीवरच्या एका चकचकीत चंदेरी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, तर त्यांनी मान हलवली. "ती जत्रंत मिरवायची म्हस हाय. वरनं झूल झकास, पोटात काय न्हाई. तुमास्नी घरच्या च्यापुरतं दूध पायजे का फोटू काढायचा हाय?" आणि त्यांनी खालून एक काळा, जाडजूड, कोपऱ्यात थोडा घासलेला लॅपटॉप काढला. "ह्यो घ्या. तिसऱ्या वेताचा. बिजागरी बघा, बटणं बघा. गरीब हाय, लाथ मारत न्हाई."

मी लगेच हो म्हणणार होते, पण त्यांनी मला खुर्चीत बसवलं. म्हैस घेताना सकाळ-संध्याकाळ दोन धारा स्वतः काढून बघतात आणि मगच सौदा पक्का करतात, तसा त्यांच्या दुकानाचा नियम होता. "शिंगं बघून म्हस घिऊ ने आक्का, कास बघूनबी घिऊ ने. धार काढून बघायची. तुमचं रोजचं काम काय आसंल त्ये हितं बसून करा." मी तासभर तिथे बसून वीजबिल भरलं, बहिणीला मराठीत चार ओळी टाइप केल्या, एक कीर्तन लावलं. कीर्तन मध्येच अडखळलं. आण्णांच्या कपाळाला आठी पडली. "मेमरी चारच हाय. गव्हाण ल्हान पडती, समद्यांनी एकदम तोंड घातलं की धक्काबुक्की." त्यांनी पाठ उघडून आठची मेमरी बसवली, फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली आणि बॅटरीही बदलली. मग तेच कीर्तन पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लावलं. बुवा अडखळले नाहीत.

जुना लॅपटॉप मी त्यांनाच मोडीत दिला. तो घेताना त्यांनी विचारलं, "आतलं समदं घेतलासा?"

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी हायस्कूलच्या कार्यालयात बत्तीस वर्षं कारकून होते आणि त्या बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक कागद गहाळ झाला नाही. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की आमचे हे माझं वाक्य माझ्याआधी पूर्ण करतात. मृणालने फोनवर बजावलं होतं, "आई, माझं प्रबंधाचं फोल्डर तेवढं नीट घे." मी पडद्यावरची सगळी चित्रं, प्रबंध नाव लिहिलेलं चित्रसुद्धा, एकेक करून पेनड्राइव्हवर घेतली होती आणि वहीत टिकमार्क केला होता. पापणी लवायच्या आत सगळं उतरलं, याचं मला कौतुकच वाटलं होतं.

"घेतलंय," मी म्हणाले.

"धार काढून बघितलासा?"

"अहो, मी बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलंय."

"मग जुन्या डिस्कचं काय करू?"

"भंगारात घाला," मी म्हणाले आणि रिक्षा थांबवली.

मृणाल तीन आठवड्यांनी आली. नवा लॅपटॉप बघून तिने मला मिठी मारली, पेनड्राइव्ह लावला आणि एकेक चित्र उघडायला गेली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "आई, हे सगळे शॉर्टकट आहेत." चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा वाकडा बाण होता. बाण म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूकडे जाण्याची वाट, हे मला त्या संध्याकाळी समजलं. मी आधीच्या दोन पावसाळ्यांच्या नोंदींचा पत्ता तेवढा उतरवून घेतला होता आणि घर विकून टाकलं होतं. तिच्या टिपणवह्या घाटातल्या पावसात भिजून पानाला पान चिकटलेली. पहिल्या चार महिन्यांच्या नोंदी तिच्या मार्गदर्शक बाईंकडे होत्या, बाकी दुसरीकडे कुठेच नव्हतं. प्रबंध द्यायला दोन महिने राहिले होते. ती मला टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी आण्णांना फोन लावला. "आण्णा, आमचा जुना लॅपटॉप..."

"त्यो व्हय? त्यो गेला की जयसिंगपूरला. परवाच."

मी कसंबसं प्रबंध, गोगलगायी असं काहीतरी बोलले. पलीकडे कुणी गिऱ्हाईक बोलत होतं. "आक्का, फोनवर मला काय उमजत न्हाई. सकाळी दुकानात या," म्हणत त्यांनी फोन ठेवला. जयसिंगपूरला कुणाकडे जायचं, त्या माणसाचे पाय धरायचे तर त्याचं नाव काय विचारायचं, यातच माझी रात्र गेली.

सकाळी आम्ही दोघी दुकान उघडायच्या आधीच शटरसमोर उभ्या होतो. आण्णा लंगडत आले, आमची तोंडं बघितली आणि आधी चहा सांगितला. मी सगळं सांगितलं. भंगारात घाला हेही मीच म्हणाले होते, तेही सांगितलं.

"व्हय, म्हणालासा," ते म्हणाले. "म्हस इकल्याव मानूस आसंच कायबी बोलतंय." आणि त्यांनी टेबलाखालून एक लोखंडी पेटी ओढली.

पेटीत जुन्या डिस्क होत्या. तीस असतील, चाळीस असतील. प्रत्येक डिस्क जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, वरून सुतळी, आणि सुतळीला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर निळ्या शाईत मालकाचं नाव. त्यांनी एकेक बाजूला काढत एक माझ्यासमोर ठेवली. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'उदबत्तीवाल्या आक्का'.

"लॅपटॉप जयसिंगपूरला गेला, नवी डिस्क घालून. ही कशी जाईल? आमच्यात म्हस इकली तरी दावं देत न्हाईत. दावं मालकाच्या खुट्ट्यालाच ऱ्हातंय, घेनारा आपलं नवं दावं घिऊन येतो. मी एकदा पोरवयात गडबडीत दाव्यासकट म्हस दिली. आमचा बा सात कोस चालत गेला त्या गावाला. म्हस मागितली न्हाई, तेवढं दावं सोडवून घिऊन आला. महिनाभर माझ्याशी बोलला न्हाई."

"तुम्ही उघडून बघितलं का आण्णा? आहे का आत सगळं?" मृणालने विचारलं.

"न्हाई पोरी. दुसऱ्याच्या गोठ्यात इचारल्याबिगर जाऊ ने."

त्यांनी डिस्क एका छोट्या डबीत बसवून वायरीने जोडली. ती घरघरली, थांबली. मी पदर तोंडात धरला. पुन्हा घरघरली आणि पडद्यावर फोल्डर उघडलं. दोन पावसाळे, दिवसवार, तारखेवार. मृणालने एकेक फाइल उघडून बघितली. शेवटच्या फाइलनंतर ती खुर्चीत मागे टेकली आणि मोठ्याने रडली. तिच्यापाठोपाठ मीही. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं होतं, आणि चहा घेऊन आलेल्या टपरीवाल्याला वाटलं आमच्यात कुणी गेलं.

आण्णा अवघडले. बायका रडायला लागल्यावर कुठे बघावं हे त्यांना सुचेना, म्हणून ते पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर नखाएवढी एक गोगलगाय होती. "ह्या एवढ्याशा जनावरापायी?" ते म्हणाले. "दूध देत न्हाई, शेन टाकत न्हाई." मग चष्मा पुसून आणखी वाकून बघितलं. "पर शिंगं झकास हायत." मृणाल रडता रडता हसायला लागली. आदल्या संध्याकाळपासून मी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडे बघू शकले.

मृणालचा प्रबंध वेळेवर गेला आणि पुढे मान्यही झाला. दरम्यान आण्णांनी दुकान बंद केलं. गुडघा शटर उचलू देईना. जाण्याआधी त्यांनी पेटीतली एकेक डिस्क मालकाला फोन करून परत केली. जे आले नाहीत त्यांच्या घरी स्वतः रिक्षाने गेले, असं चहावाल्याने मला सांगितलं. गावी गेल्यावर त्यांनी एक म्हैस घेतली.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन त्यांच्या गावी गेलो. आभाराच्या पानावर प्राध्यापकांच्या नावांनंतर मृणालने लिहिलं होतं: 'आणि बसूआण्णा, ज्यांनी दावं सांभाळलं.' मी ते पान उघडूनच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ओठ हलवत दोनदा वाचलं. मग प्रत मिटली, दोन्ही हातांनी उचलली, नाकाला लावली आणि डोळे मिटून वास घेतला. मला हसू आलं आणि भरूनही आलं. हा माणूस त्या सकाळी नसता तर आम्हा मायलेकींचं काय झालं असतं, हे मी अजून पुरतं मनात आणू शकत नाही.

डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "ह्येची दुसरी कापी कुठं ठिवलीया?"

"तीन ठिकाणी आहे आण्णा."

"धार काढून बघितलासा?"

बत्तीस वर्षांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "तिन्ही ठिकाणी उघडून बघितलंय," मी म्हणाले, "शेवटच्या पानापर्यंत."

"मग बसा," ते म्हणाले आणि आत वळून सुनेला चहा टाकायला सांगितला. "दूध घरचं हाय."