आमच्या लिनक्सचं विलीनीकरण

आमची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली, तेव्हा सगळ्यांत शांत मी होतो. विलीनीकरण या एका शब्दावर आमच्या बेळगाव भागात पिढ्या म्हाताऱ्या झाल्यात. बेळगावजवळच्या कंग्राळी गावच्या माणसाला त्याचं काय नवल?

बँका आणि साखर कारखान्यांचे सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स या संगणक प्रणालीची स्वतःची आवृत्ती आमची कंपनी तयार करायची. नव्या मालकांकडेही त्यांची लिनक्स होतीच. आता आपली राहणार का, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता. नव्या कंपनीच्या साहेबांनी व्हिडिओवर हसत सांगितलं, दोन्ही सुखानं नांदतील. पुण्याच्या सहकाऱ्यांना हायसं वाटलं. मी त्याच संध्याकाळी त्यांची लिनक्स माझ्या जुन्या लॅपटॉपवर चढवली.

हे माझ्या वडिलांचं, आप्पांचं वळण. त्यांनी मला मराठी शाळेत घातलं, पण शाळा सुटली की बेळगावातल्या टिळकवाडीत एका बाईंकडे कन्नडच्या शिकवणीला धाडायचे. "सरकारी हापिसात कन्नडवाचून आडाय नगं," एवढंच कारण. सक्ती होण्याआधीच दुसऱ्याची भाषा शिकून ठेवायची, ही आमच्या घरातली रीत. पुण्याच्या सहकारी मित्रांना माझं हे शिकणं पटेना. ते मला फितूर म्हणाले आणि निष्ठेपोटी नव्या लिनक्सला हात लावेनात. मला त्यांच्या भाबडेपणाची गंमत वाटायची.

पुढच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, ग्राहकांना नव्या लिनक्सवर नेणं कितपत अवघड आहे? बाकीचे म्हणाले, अशक्य. मी म्हणालो, जमेल की, मी करून पाहिलंय. साहेब फार खूश झाले. त्या आनंदात आमची लिनक्स बंद करायचं ठरलं. मित्रांना कौतुकाची प्रमाणपत्रं देऊन घरी पाठवलं आणि मला बढती दिली. बढतीतलं पहिलं काम, आमच्या लिनक्सच्या फाइली ज्या सर्व्हरवरून ग्राहकांना जायच्या तो कायमचा बंद करायचा.

घरी आलो आणि चहाला हातही लावला नाही. आप्पा समोर बसले होते.

"नोकरी ऱ्हायली न्हवं?"

"व्हय."

"मग त्वांड का असं?"

मी सगळं सांगितलं, त्यांच्या कन्नडच्या शिकवणीसकट. खरं तर मला शाबासकी हवी होती. आप्पांनी माझा थंड झालेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "जगाय म्हणून शिकवलं व्हतं रं. आपलं बंद कराय न्हवं."