कानापुढची दोन बोटं

कोणी नवा माणूस समोर बसला की भैयाजी दोन्ही हातांचं एकेक बोट त्याच्या दोन्ही कानांपुढे टेकवत आणि म्हणत, "उघडा तोंड. सावकाश. आधी फिरतं, मग सरकतं."

वाचकहो, तुम्हीही करून पाहा. खालच्या जबड्याचं डोकं, म्हणजे कानापुढचं त्याचं गोल टोक, सुरुवातीला आपल्या खळग्यात जागच्या जागी फिरतं. तोंड आणखी उघडलं की ते खळगा सोडून पुढच्या उंचवट्यावर सरकतं. डावा सांधा हलला की उजव्यालाही हलावंच लागतं. एवढं समजवायला मला फळा आणि दोन तास लागत. त्यांना दोन बोटं पुरत.

झाशीत तेव्हा एक लहानशी दंतशिक्षण संस्था होती. मी तिथे शिकवत असे. ते कवट्या आणि सांगाडे जोडून ठेवत, तेही हंगामी नोकरीवर. मूळचे झाशीजवळच्या गुरसरायचे, आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले. बोलणं मात्र निम्मं हिंदीत. विद्यार्थी त्यांना भैयाजी म्हणत. मला सगळे डॉक्टरसाहेब म्हणत आणि दारातच उभे राहत.

एका कवटीत त्यांनी जुन्या चपलेच्या कातड्याची चकती बसवली होती आणि तिला मागून नाडीतलं इलॅस्टिक बांधलं होतं. "ये देखो, ही दोन हाडांमधली गादी. डोक्याबरोबर पुढे जाते, त्याच्याबरोबरच मागे येते. एकटीच पुढे घसरली, की तोंड उघडताना कट वाजतं." मग दहा-बारा पोरं एकमेकांच्या कानापुढे बोटं लावून आ वासत आणि हसत सुटत. ते हसणं भिंतीपलीकडे माझ्या वर्गात ऐकू येई. माझ्या वर्गात जबडे हलत ते जांभयांनी.

मी याला शिस्तीचा प्रश्न म्हणत होतो. त्यांच्या दारावर मी गर्दी न करण्याची सूचना लावली. ती वाकडी लागली होती. त्यांनी ती काढून सरळ चिकटवली.

मग माझ्या पुतणीचं लग्न आलं. संस्थेतल्या सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणून त्यांनाही. दुपारी विडा तोडायचा खेळ चालला होता. पुतणीने दातांत विडा धरला, जावयाने अर्धा तोडायला तोंड पुढे केलं आणि त्याचं नाक तिच्या नथीत अडकलं. ती इतकी हसली की तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. डोळ्यांतून पाणी, ओठांतून लाळ, आणि समोर व्याही मंडळी.

सगळे माझ्याकडे वळले. मी अंगठे तिच्या खालच्या दाढांवर ठेवले आणि मागे ढकललं. पुन्हा ढकललं. ती कळवळली. उंचवट्याच्या पुढे अडकलेलं हाड आधी खाली दाबावं लागतं, मगच ते मागे जातं. हे मी वीस वर्षं शिकवत होतो. त्या क्षणी मला फक्त बघणारी माणसं दिसत होती.

भैयाजी पंगतीतून उठून आले. हात धुतले, अंगठ्यांना पंचा गुंडाळला, तिला पाटावर बसवून डोकं भिंतीला टेकवलं. "बिटिया, सासरचे बघतात म्हणून घाबरू नकोस. त्यांनाही दाढा आहेत." तिचे खांदे सैल पडले. खाली, मग मागे. तोंड मिटलं.

व्याही वाहवा करू लागले, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी अर्धं काम केलंच होतं. मी नुसतं पुढचं केलं."

या एका वाक्याबद्दल मी त्यांना क्षमा करू शकलो नाही. त्यांनी मला हरवलं असतं तर सोसलं असतं. त्यांनी माझी चूक झाकली. घरी बायकोसुद्धा आठवडाभर त्यांच्या हाताचं कौतुक करत होती.

दोन महिन्यांनी त्यांना कायम करून शिकवण्याचं काम द्यावं का, असा माझ्याकडे अभिप्राय मागितला गेला. त्यांचं वय सरत चाललं होतं, ती शेवटची संधी होती. मी लिहिलं, "हाताला सवय आहे, समज नाही." ते खोटं होतं. त्या सांध्याची त्यांच्याइतकी समज मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही, माझ्यात तर नाहीच. माझ्या त्या एका ओळीवर त्यांना कमी केलं गेलं.

जाताना ते माझ्या खोलीत आले. म्हणाले, "तुम्ही चांगलंच लिहिलं असणार. वरच्यांना पटलं नाही, त्याला कोण काय करणार." मी मान डोलावली. ते गुरसरायला परत गेले.

मला तिथे जायला अकरा वर्षं लागली. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांच्या पत्नीने मला नावावरून लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली.

"हे नेहमी सांगायचे," त्या म्हणाल्या, "तिथे माझ्यासाठी एकट्या डॉक्टरसाहेबांनी कागद लिहिला."

मी काही बोलायच्या आत त्यांनी आतून सुनेला हाक मारली, डोक्यावरचा पदर नीट घ्यायला सांगितला आणि माझ्या पाया पडायला लावलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.