पोळपाटावरचा रेडिओ

नोकरीमुळे आम्ही मुकुटबनला राहत होतो, तेव्हा मी घरीच एक साधा रेडिओ जुळवला. सेलसुद्धा न लागणारा. त्याला लाकडी पाट हवा होता, म्हणून बायकोचा पोळपाट मागितला.

"न्या. भाकर काही त्याच्यावर थापत नाही मी," ती म्हणाली.

पोळपाटावर खिळे ठोकून मी त्यांना तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि डायोड जोडला, कडुनिंबावर एरियल चढवली. त्याच संध्याकाळी नागपूर केंद्र लागलं. आवाज फार बारीक होता आणि इअरफोन एकच.

"काय सांगून राह्यला तो? मलेबी सांगा ना," ती रोज म्हणायची. शब्द निसटू नये म्हणून मी तिला हातानंच गप्प बसवत असे. त्या परक्या गावात माझ्याशिवाय तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, हे मला ठाऊक असूनही.

एकदा मी स्वतःहून इअरफोन तिच्यापुढे धरला. ती ज्वारी निवडत होती.

"असू द्या, तुमीच आयका," ती न रागावता म्हणाली.

तिनं मला काही विचारलं त्याला कितीतरी दिवस झाले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.