कादंबरीचं शेवटचं वर्ष

कादंबरीचा मोठा पुरस्कार ठरतो कसा, असं कुणी विचारलं की मी सांगते, तीन माणसं, एक टेबल आणि भरपूर चहा. आलेल्या पुस्तकांची लांबलचक यादी आधीच कुणीतरी चाळून काढलेली असते. उरलेली मोजकी पुस्तकं तिघा परीक्षकांच्या घरी येतात. ती वाचायची, एक दिवस जमायचं, बहुमतानं निर्णय घ्यायचा, त्यावर तिघांनीही सही करायची आणि निकाल जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप. नव्वदच्या दशकात एकदा मी परीक्षक होते. माझा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून बैठक बंगळूरला, आमच्या इंदिरानगरच्या घरी भरली.

बाकीचे दोघे परीक्षक सकाळी यशवंतपूर स्टेशनवर उतरून आले. एक पुण्याचे सर, जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलेले. दुसरे नागपूरचे, अगदी मितभाषी.

चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच सरांनी एका ज्येष्ठ कादंबरीकाराचं नाव घेतलं. "वय झालं त्यांचं. आता नाही तर कधी द्यायचा?" नागपूरकरांनी मान डोलावली. म्हणजे झाली की बैठक. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता!

"सर, हा पुरस्कार आहे की षष्ट्यब्दी?" मी विचारलं.

मी बेळगावकडच्या एका बाईंची पहिलीच कादंबरी सुचवली. तिच्यावर कुठे परीक्षण नाही, कुठे चर्चा नाही. पुरस्कारासाठी ठरावीक वर्षांतलीच पुस्तकं धरतात, आणि या पुस्तकाचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की कायमचं हुकलं. ज्येष्ठांचं पुस्तक नुकतंच आलेलं, ते पुढच्या खेपेलाही चाललं असतं. पण मत माझं एक, त्यांची दोन.

मी म्हटलं, "बरं, ज्येष्ठांच्या या कादंबरीतला तुम्हाला भावलेला एक प्रसंग सांगा." सर खुलले. धरणाखाली जाणारं गाव, आणि मूर्ती उचलायला कुणीच पुढे होत नाही. सांगितलं फार सुंदर. पण तो प्रसंग त्यांच्या कितीतरी वर्षं आधीच्या कादंबरीतला. आपल्याकडे हे असंच चालतं. मोठ्या माणसाचं एक पुस्तक मनापासून वाचायचं आणि त्या पुण्याईवर पुढची सगळी वाचलेली धरायची.

"सर, ते आधीचं," नागपूरकर हळूच म्हणाले.

आता हे चिडणार असं मला वाटलं. पण माणूस सच्चा. "बाई, ही नवी मी वाचलेली नाही. आणि तुम्ही सुचवलेलीही नुसती चाळली," ते म्हणाले. मग नागपूरकरांनीही खाली बघत तेच सांगितलं.

"मग आता वाचा," मी म्हटलं. "दोन्ही. त्याशिवाय मी सही करायची नाही."

परतीची तिकिटं रद्द झाली. परीक्षेला बसल्यासारखे दोघे आमच्या व्हरांड्यात वाचत बसले. शेजारच्या अक्कांना दया आली, त्या बिसीबेळे भाताचं पातेलंच घेऊन आल्या. "स्वल्प खा, मग वाचा," म्हणाल्या. सरांनी डाव्या हातात पुस्तक धरूनच जेवण उरकलं. ते पुस्तक बेळगावच्या बाईंचं होतं, आणि मी लंगडत आत जाऊन मनसोक्त हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आत आले. "ज्येष्ठांचं पुढच्या वर्षी बघता येईल. यंदा हिलाच." नागपूरकर तर आपला अभिप्राय लिहायलाही बसले होते. निर्णय एकमतानं झाला. पुस्तक जिंकलं असं म्हणायची रीत आहे, पण खरं सांगते, मला मीच गड सर केल्यासारखं वाटत होतं.

निकाल जाहीर झाला, परीक्षकांची नावंही छापून आली. एका सकाळी त्या बाईंचा फोन आला. मी अभिनंदन केलं, त्या नुसत्या हं हं करत राहिल्या. मग भीत भीत विचारलं, "एक विचारू? तिघांनीही वाचली का हो माझी कादंबरी? पूर्ण?"

"तिघांनी," मी छाती पुढे काढून म्हटलं. "शेवटच्या ओळीपर्यंत."

पलीकडे त्या रडू लागल्या.