आत्यांच्या जिभेची आग

आमच्या आत्यांची जीभ सगळ्या मुकुंदवाडीला माहीत होती. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नमाला. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मिरची-मसाल्याचं कांडप. बायका डबे घेऊन ताटकळत बसायच्या आणि आत्या चिमूटभर मसाला जिभेच्या शेंड्यावर ठेवून निकाल द्यायच्या, “धने कच्चे राह्यलेत. पुन्हा भाजून आण.” कितीही तोऱ्यातली बाई असो, निमूट उठायची. बोलणी तर मीही लग्नापासून खात आले. ही बाई कशाला घाबरत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात, ऐन मसाल्याच्या दिवसांत, त्यांनी चाखणं बंद केलं. नुसता वास घ्यायच्या आणि डबा परत करायच्या. मी छेडलं, “काय आत्या, जिभेला सुट्टी दिली का?”

“तोंड आलंय गं. लई आग व्हायलीय. उष्णता झाली असंल.”

तोंड आलं म्हणजे उष्णता, यावर आमच्या गल्लीत कुणी शंका घेत नाही. शेजारणीनं जाईचा पाला चघळायला दिला, मी सब्जा भिजवला. उष्ण म्हणून आत्यांनी एकेक पदार्थ सोडला. बाजरी गेली, गूळ गेला, अंडी गेली, मटण गेलं. भातावर आणि सरबतावर दिवस काढू लागल्या. तंबाखूची मिसरी तेवढी सुटली नाही. ती लावली की तोंड बधिर होतं, तेवढाच आराम, म्हणून उलट उठसूट लावू लागल्या. चेहरा पांढराफटक पडला होता आणि पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागायची.

एकदा त्या आरशासमोर जीभ बाहेर काढून उभ्या दिसल्या. जीभ लालभडक आणि गुळगुळीत, सोललेल्या टोमॅटोसारखी. मला बघताच त्यांनी तोंडावर पदर घेतला.

“माझ्या लेकाला सांगू नको,” त्या म्हणाल्या. “माझ्या माईला बी असंच झालं व्हतं. मिसरीचा कॅन्सर हाय ह्यो.”

माई म्हणजे त्यांची आई, फर्दापूरच्या सरूबाई. त्यांची जीभ अशीच लाल झाली होती, जेवण तुटलं, मग चालताना झोक जाऊ लागला, शेवटी अंथरूण धरलं. दवाखान्यात कुणी नेलंच नाही. सुई लागली की कॅन्सर खवळतो, असं गाव म्हणालं आणि घरानं ऐकलं. आत्यांच्या मनातही तेच घट्ट बसलं होतं. मी भांडले, रडले, पण त्या ढिम्म हलल्या नाहीत.

मग त्यांनी मला कांडपावर शेजारी बसवून घेतलं आणि चव शिकवायला सुरुवात केली. “मिरची शिळी असली तर घशात लागती, जिभंवर नाय. ध्यानात ठेव. नंतर कुणाला इचारशील?” आजवर मला गिऱ्हाइकाच्या डब्याला हात लावू न देणारी बाई हे बोलत होती. त्यांच्या तोंडात काय वाढतंय, हा विचार मनातून जाईना. मी अभयला सगळं सांगून टाकलं.

अभय, माझा नवरा, वाळूजला कंपनीत आहे. त्यानं सुट्टी टाकली आणि आईला जवळजवळ ओढतच रिक्षात बसवलं. दातांच्या सरकारी दवाखान्यापर्यंत आत्यांनी माझं मनगट सोडलं नाही. बांगड्या रुतून हात लाल झाला.

डॉक्टरीण माझ्याच वयाची. तिनं जीभ दाबून पाहिली, गाल ओढून पाहिले, डोळ्यांच्या पापण्या खाली करून पाहिल्या. आत्या डोळे मिटून बसल्या होत्या. मग तिनं विचारलं, “मावशी, पायाला मुंग्या येतात का? पायातली चप्पल निसटली तर कळतं का?”

जीभ दाखवायला आणलेल्या बाईला चपलेचं काय विचारते ही? मला हसू येणार होतं. पण आत्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

“नाय कळत,” त्या हळूच म्हणाल्या. “मोंढ्याच्या बाजारात एक चप्पल राह्यली. घरी आल्यावर पाह्यलं.”

“मला कॅन्सर वाटत नाही. दुखणं दुसरीकडं आहे, जिभेवर नुसतं दिसतंय. रक्त तपासू.”

रिपोर्टच्या दिवशी अभयची ड्यूटी होती, आम्ही दोघीच गेलो. रक्त फार कमी आणि बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. पोटच ते शोषून घेत नसावं, डॉक्टरीण म्हणाली. म्हणून जीभ सोलली, म्हणून पाय बधिर झाले. “आणि त्यात तुम्ही अंडी-मटण सोडलंत? थोडंफार मिळत होतं तेही बंद केलंत. इंजेक्शनं सुरू करू. आणखी उशीर केला असता तर पाय गेले असते. मिसरी मात्र आजपासून बंद, नाहीतर ज्याला घाबरताय तेच ओढवून घ्याल.”

मला हुंदकाच फुटला, सुटकेचा. आत्या रडल्या नाहीत.

“माझ्या माईची बी चप्पल निसटायची,” त्या म्हणाल्या. “एक पाय अनवाणीच हिंडायची. लोकं म्हणायचे, म्हातारीला चळ लागला. तिला बी ह्या सुयाच पाह्यजे व्हत्या का, माय?”

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. “आता नाही सांगता येणार, मावशी.” मग म्हणाली, “कधी कधी हे घराण्यात चालतं. मुलाचंही रक्त एकदा तपासून घ्या.”

संध्याकाळी अभय कामावरून आला, तर त्यांनी दारातच त्याची हनुवटी धरली. “जीभ काढ.”

तो हसला. “आई, आधी तुझ्या रिपोर्टचं तर सांग.”

“काढ म्हणते ना!”

त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. अभयनं जीभ काढली. मला तिकडं बघायचा धीर झाला नाही. आत्यांनी हनुवटी सोडल्यावर मीच विचारलं, “अभय, तुझ्या पायाला कधी मुंग्या येतात का रे?”

त्यानं आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “येतात कधीकधी,” तो म्हणाला. “ड्यूटीवर उभं राहून येत असतील.”