दहाबाई

आमच्या अपंग मुलांच्या केंद्रात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायच्या. रोज मुलांना चालवायची ती आयाच. मूल पडलं की ती हात लावायची नाही. कमरेवर हात ठेवून मोजायची, "एक... दोन..." दहाच्या आत मुलानं आपलं आपण उठायचं. म्हणून मुलं तिला दहाबाई म्हणत. एखादी आई डोळे पुसायला लागली की म्हणायची, "रडायचं तर बाहेर जा. फरशी ओली झाली की पोरं घसरतात." मी तिथली चिटणीस. मला ही पद्धत पटली होती, हे आधीच सांगून टाकते.

एक सहा वर्षांची मुलगी यायची. दोन्ही पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, तोंड मात्र वकिलाचं. पहिल्याच दिवशी पडल्या पडल्या म्हणाली, "तुम्ही भरभर मोजता. लबाडी आहे ही."

"बरं वकीलबाई, सावकाश मोजते. पण उठायचं तुम्हीच."

दीड वर्षात ती धरून चालायच्या दांड्या सोडून कुबड्यांवर आली. पडली की निवांत आकडे ऐकायची आणि बरोबर आठला उठायची. दहाला का नाही, विचारलं तर म्हणे, "दोन शिल्लक ठेवते."

तिला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापिकेनं अट घातली: फाटकापासून वर्गापर्यंत एकटीनं चालायचं, पडली तर एकटीनं उठायचं. उचलायला त्यांच्याकडे माणूस नव्हतं. यंदा नाही जमलं तर वय उलटत होतं. चालून दाखवायच्या दिवशी दहाबाईला शाळेच्या फाटकाबाहेर थांबवलं. आत आम्ही तिघी: मुख्याध्यापिका, मुलीची आई आणि मी.

व्हरांड्यात कुबडी सटकली. मुलगी पडली, रडली नाही. गाल फरशीला टेकवून तशीच राहिली. मला वाटलं, लागलं असेल. ती आमच्या एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "अहो, मोजा ना."

माझ्या डोक्यात प्रकाश पडून मी "एक" म्हणेपर्यंत आईनं तिला कडेवर घेतलं होतं.

"पाहिलंत ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग रोज इथे मोजायला कोण बसणार?" प्रश्न बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.

फाटकाशी दहाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "आकडे माझ्या तोंडात कशाला ठेवले मी," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं मुलांनाच मोजायला लावलं.

ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही. वर्षभरानं आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. कॅलिपर पलंगाखाली, आता आखूड झालेले. आई अभिमानानं म्हणाली, "खाली पाय टेकू देत नाही मी तिला."

दहाबाई पलंगावर बसलेल्या मुलीपाशी वाकली. "वकीलबाई, मोजा बघू. आता तुम्हीच मोजायचं."

तिनं मोजलं. सावकाश, स्पष्ट, पार दहापर्यंत. बसल्या जागेवरून.