बंद जिनिंगचा आवाज

बंद जिनिंगला स्वतःचा एक वास असतो. हंगामात तो कळत नाही. कापसाची धूळ, पट्ट्यांचे तापलेले चामडे आणि माणसांचा घाम यांच्यात तो बुडून जातो. उन्हाळ्यात यंत्रे थांबली, की पत्र्याखालून तो हळूहळू वर येतो. जुन्या तेलाचा, थोडा गोडसर, थोडा खवट, पेटीत वर्षभर पडून राहिलेल्या रजईसारखा. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसातली सरकी काढायचे असे एक जिनिंग होते. साठीच्या दशकात, माझे एम.ए.चे शेवटचे वर्ष संपत आले असता, त्या वासात उभे राहून आम्ही तिघांनी सिनेमा काढायचे ठरवले. सिनेमा म्हणजे सिनेमाचा आरंभ. पुढचे काही नाही, कारण आमच्याजवळ रीळ एकच होते आणि ते जेमतेम चार मिनिटे चालणारे होते.

रीळ आणि कॅमेरा माझ्या वर्गमित्राच्या मामांचे. वर्गमित्र चांदूर बाजारचा. मामा आफ्रिकेत दुकान चालवीत आणि त्या वर्षी रजेवर आले होते. कॅमेरा मुठीत मावेल एवढा, घड्याळासारखी चावी द्यायचा. चावी दिली की आत एखादा रातकिडा बसल्यासारखी किरकिर ऐकू येई. तिसरी माझी मैत्रीण, बडनेऱ्याच्या रेल्वेतल्या फिटरची मुलगी. ती शाळेत असतानाच तिच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून आपण कोणत्याच भुताला भीत नाही, असे ती सांगत असे. आमच्या सिनेमातली भ्यालेली बाई तिनेच व्हायचे होते.

माझ्यासाठी हा खेळ नव्हता. पुण्यात सिनेमाचे शिक्षण देणारी एक संस्था निघून थोडीच वर्षे झाली होती, आणि मला तिथे जायचे होते. अकोल्याला घरी हे सांगितले तेव्हा वडिलांनी ताटावरून मान वर केली. ते वकील होते. रागावले नाहीत.

“तुझं म्हणणं मी ऐकलं,” ते म्हणाले. “पण ऐकीव गोष्टीवर मी निकाल देत नाही. काही करून दाखव. डोळ्यांनी पाहीन, मग हो की नाही ते सांगेन. नाहीतर बी.एड. आहेच.”

इतका न्यायी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. म्हणूनच पुढचे सारे सोसायला अधिक कठीण गेले.

सिनेमाची कल्पना माझी होती. बंद जिनिंगच्या खोलीत एक बाई एकटी बसली आहे. यंत्रे थांबलेली आहेत, तरी तिला ती चालू असल्याचा आवाज येतो. तो आवाज तिच्या मनात आहे की भिंतीपलीकडे, हे पाहणाऱ्याला कळू नये.

“भूत नाही, खून नाही,” वर्गमित्र म्हणाला. “मंग लोक भितीन कशाले?”

“तिला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, ह्याला.”

“अन् सिनेमा मुका,” मैत्रीण म्हणाली. “म्हंजे कोणालेच काही ऐकू येत नाही. तुमच्या हिशेबानं आख्खं थेटरच भ्यायले पाह्यजे.”

ती थट्टा करत होती, पण अडचण तिने नेमकी सांगितली होती. मुक्या चित्रात आवाज कसा दाखवायचा? कवितेच्या संगतीत मी एवढे शिकले होते, की जे कानाला देता येत नाही ते डोळ्याला द्यावे, आणि जे डोळ्याला देता येत नाही ते त्वचेला. कित्येक दिवस मी हाच विचार करीत वसतिगृहाच्या व्हरांड्यात फिरले. आणि एका दुपारी, मालगाडी जाताना, बडनेऱ्याला मैत्रिणीच्या घरी माझ्यापुढे ठेवलेल्या पेल्यातले पाणी थरथरले. बारीक, गोल, काठाशी विरणाऱ्या वलयांनी. गाडी नंतर ऐकू आली. पाण्याने ती आधी ऐकली होती.

जिनिंगच्या फरशीवर आम्ही कोळशाने चौकोन काढले. प्रत्येक चौकोनात एक चित्र. पहिल्यात दाराची कडी. दुसऱ्यात स्थिर पट्टा आणि त्यावर जमलेली धूळ. मग बाईची पाठ, मग तिचा कान, मग पितळी पेला. मी एका चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकायची आणि वर्गमित्र टाळ्या मोजत चित्र किती वेळ टिकवायचे ते ठरवायचा. वाया घालवायला फिल्म नव्हती, म्हणून आम्ही सारा सिनेमा आधी पायांनीच काढला. इतक्या वेळा, की माझ्या तळव्यांना तो पाठ झाला.

चैत्रात एका सकाळी चित्रण केले. छपराच्या पत्र्याला भोके होती. त्यांतून उन्हाचे दोर खाली सोडल्यासारखे लोंबत होते आणि त्यांत कापसाचे तंतू वरखाली तरंगत होते. अर्धे रीळ संपल्यावर ते काढून, उलटे करून पुन्हा बसवावे लागे. तसे बसवून कॅमेरा चालतो की नाही हे वर्गमित्राने पाहिले, तोच त्याच्या नाकात तंतू गेला आणि तो असा शिंकला, की छपरातली कबुतरे उडाली. मैत्रीण पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“बंद कर ना बाप्पा, फुकट चालली फिल्म,” मी ओरडले. रागात माझ्याही तोंडी वऱ्हाडीच येई.

“मले का सांगतं? हिले सांग. भ्यायचं सोडून दात काढून राह्यली.”

मग पेला. आता कॅमेरा माझ्या हाती आला, कारण मेजाखाली बसून फळीवर बुक्क्या मारायला वर्गमित्राची गरज होती. मी डोळा लावला. काळोखाच्या चौकटीत पितळेची कड उजळली, पाणी थरथरले, मागे मैत्रिणीचा चेहरा धूसर झाला आणि तिच्या डोळ्यांत असे काही आले, जे मी तिला सांगितले नव्हते. त्या क्षणी मला जिनिंग चालू झाल्याचा आवाज आला. छातीत, दातांत. आयुष्यात एखादी गोष्ट मनात होती तशीच्या तशी बाहेर उभी राहिलेली मी तेवढीच पाहिली.

रीळ धुऊन घ्यायला मुंबईला पाठवायचे होते. मामा बोट धरायला तिकडे जाणारच होते, पण त्यांचे जाणे लांबले. तोवर रिळाची डबी माझ्याजवळ राहिली. अकोल्याला जाताना बडनेऱ्याच्या फलाटावर वर्गमित्राने ती माझ्या हाती दिली.

“थंड जागी ठेवजो. गरमीनं फिल्म खराब होते म्हंतात.”

ते त्याने सांगितले, मी ऐकले, आणि कोणालाच काही वावगे वाटले नाही. आमच्याकडे कोरडा गारवा नसतो. वैशाखात वऱ्हाडात जे काही थंड असते, ते ओले असते. वाळ्याचा पडदा, भिजवलेले अंगण, ओल्या फडक्यात बांधलेली विड्याची पाने, माठ, आणि माठाखालची वाळू. गारवा म्हणजे पाणीच, हे आम्ही जन्मतःच शिकतो. शिकलो आहोत हेही आम्हाला ठाऊक नसते.

“आई, हे थंड जागी ठेव,” घरी पोचताच मी म्हटले. “ह्यात माझं पुणं आहे.”

“राहू दे माह्यापाशी,” आई म्हणाली. “तू निवांत परीक्षा दे.”

परीक्षा देऊन परतले, तेव्हा आईने मला हात धरून स्वयंपाकघरात नेले. माठाखालची वाळू बोटांनी उकरली. तिथे लिंबे ठेवायची, कोथिंबीर ठेवायची तिची जागा होती. तिने ओल्या धडप्यात गुंडाळलेली डबी वर काढली.

“पाह्य, कशी गार आहे. रोज पाणी टाकून राह्यली मी. दुपारच्याले दोन डाव.”

मी डबी गालाला लावली. बाहेर रस्त्यावरचे डांबर पाघळत होते आणि माझ्या गालावर विहिरीच्या तळासारखा गारवा होता. ओल्या वाळूचा वास आला. तो मला फार आवडला. वर्गमित्र न्यायला आला, त्यानेही डबी गालाला लावून पाहिली आणि म्हणाला, “काकू, मानलं तुमाले.”

मामा बोटीने गेले, कॅमेरा त्यांच्याबरोबर गेला. चित्र दाखवायचे यंत्र मात्र ते भाच्याजवळ ठेवून गेले. धुतलेले रीळ मुंबईहून वर्गमित्राकडे टपालाने आले. त्या वर्षी पाऊस लांबला होता. ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी वर्गमित्र आणि मैत्रीण ते यंत्र ट्रंकेत घालून आमच्याकडे आले. ओसरीवरच त्याने मला बाजूला घेतले.

“वेटोळे एकमेकाले चिकटले होते म्हंतात. ओल लागली. पाण्यात पडली होती काय, असं विचारलं मुंबईच्या धुणाऱ्याईनं.” त्याने ट्रंक खाली ठेवली. “आतल्या गाभ्यातलं थोडंसं वाचलं.”

“घरात कोणाला सांगू नकोस.”

“कावून?”

आतून तांब्याचा आवाज आला. आई वाळूवर पाणी घालत होती. त्याने तिकडे पाहिले, आणि पुन्हा विचारले नाही.

वडिलांनी पक्षकारांना त्या दिवशी परत पाठवले होते. न्यायालयात बसतात तसे ते खुर्चीत ताठ बसले. खिडक्या लावल्या, चुन्याच्या भिंतीवर उजेड पडला. पहिल्यांदा आले ते डाग. तपकिरी, पिवळे, भाजलेल्या कातडीवर फोड यावेत तसे फुगणारे. त्यांच्यामागे कडी होती, पट्टा होता, बाईची पाठ होती. मला ठाऊक होते म्हणून. मग एकाएकी भिंत स्वच्छ झाली. उन्हाचे दोर, तरंगते तंतू, आणि पदर तोंडाला लावून हसणारी माझी मैत्रीण. काही क्षण. पुन्हा डाग. पेला आलाच नाही.

“पुन्हा एकदा लाव,” वडील म्हणाले.

पुन्हा लावले. पुन्हा ती हसली.

“मुलगी गोड हसते,” ते म्हणाले. “पण तू तर म्हणत होतीस, बाई भ्यालेली आहे.”

मैत्रिणीने खाली पाहिले आणि माझ्या कानाशी पुटपुटली, “माह्यं हसूच राह्यलं वो. भेव सारं वाहून गेलं.”

एक वाक्य पुरले असते. कारण सबळ असले, तर वडील तारीख वाढवून देण्याच्या बाजूचे होते. ते मला ठाऊक होते. वाक्य जिभेवर आले होते, त्याची चवही मला कळत होती, वाळूची. पण स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, पदराला हात पुसत. भिंतीवरून गेलेल्या त्या हसण्याकडे ती अजून पाहत असावी, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटत होते.

“जमलं नाही मला,” मी म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटले होते, हे मला दिसले. “मग बी.एड.चा अर्ज उद्या भरू,” ते म्हणाले आणि उठून खिडक्या उघडल्या. बाहेर अजून उजेड होता. गरम वारा आत आला.

वर्गमित्र यंत्राची वायर गुंडाळू लागला. मैत्रीण रिळाची मोकळी सुटलेली शेपटी बोटाभोवती फिरवत बसली. मग आईच बोलली, हलक्या आवाजात, समजूत घालावी तशी.

“तरी बरं, मी गार ठेवली होती. नाहीतर तेवढंबी राह्यलं नसतं.”

“हो ना,” मी म्हणाले.

तिला पाहुण्यांसाठी पोहे करायचे होते. तिने मला माठातले पाणी द्यायला सांगितले. मी ते सर्वांना दिले, आणि माठाखालची वाळू कडेने पांढरी पडू लागली होती, म्हणून उरलेला तांब्या तिच्यावर ओतला.